बाकीचे दहा

आत्मकथन म्हातारपणी लिहायचं असतं, असं मला आतापर्यंत तिघांनी ऐकवलं आहे. तिघेही पुरुष, तिघेही म्हातारे. मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि आत्ताच लिहिते आहे, कारण म्हातारी माणसं माफ करत सुटतात हे मी पाहिलं आहे. दात पडले की रागही पडतो. माझे दात शाबूत आहेत. आणि ज्या वर्षांबद्दल मी आता सांगणार आहे, ती अजून अंगावर बिब्ब्यासारखी उततात. तेव्हा ज्यांना थंड डोक्याने लिहिलेलं वाचायचं असेल त्यांनी हे प्रकरण सोडून पुढचं उघडावं. पुढच्यात विडी कामगारांचा संप आहे, तेही काही थंड नाही.

आम्ही बालाघाटला मिशनच्या आवारात राहायचो. दवाखान्याच्या मागे कौलारू खोल्यांची एक ओळ होती, तिला सगळे ‘लाइन’ म्हणत. शेवटून दुसरी खोली आमची, म्हणजे माय आणि मी. बा दवाखान्याचा माळी होता; मी चार वर्षांची असताना तापाने गेला. खोली राहिली, कारण मायने दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम धरलं. मागच्या अंगणात विटांच्या चुलीवर एक लोखंडी ड्रम असायचा, त्यात सोड्याच्या पाण्यात चादरी उकळायच्या, आणि माय लाकडाच्या दांड्याने त्या वरखाली करायची. माझ्या लहानपणाचा वास कोणता विचाराल तर धुण्याचा सोडा आणि वाफ. आवाज विचाराल तर दगडावर चादर आपटल्याचा धप, त्याच्यामागून अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेगाडीची गोंदियाकडे जाताना किंचाळी, आणि रविवारी घंटेचा. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा तारेने आंब्याला टांगलेला होता. हातोडीने वाजवायचा. त्याचा आवाज गोड वगैरे नव्हता. लोखंडावर लोखंड पडल्यावर जसा येतो तसाच.

चादरींना खळ लागायची. त्यासाठी माय तुकडा तांदूळ शिजवायची. घट्ट भाग चादरींना, वरची पातळ पेज मीठ घालून आम्हाला. दवाखान्याच्या चादरी आणि मी एकाच भांड्यावर वाढलो, असं मी सभेत सांगते तेव्हा बाया हसतात, पण ते खरं आहे. रात्री भात आणि लाखोळीची डाळ, अंबाडी असली तर तिची भाजी, जवसाची चटणी. रविवारी अंडं. मामा आला तर चिन्नोर तांदूळ. तो तांदूळ मामा स्वतः खायचा नाही, जिथे मजुरीला जायचा तिथून पदरात पाडून बहिणीसाठी आणायचा. शिजायला लागला की वास आख्ख्या लाइनीत जायचा आणि मार्थाकाकू, आमच्या शेजारच्या, कंपाउंडरची बायको, दारातून विचारायची, “सारजा, लहानू आला वाटते?”

लहानू म्हणजे मामा. माय आणि तो जावळे, म्हणजे जुळे. माय आधी आली, तो अर्ध्या घटकेने, म्हणून लहानू. रामपायलीकडच्या एका गावात तो विड्या वळायचा आणि धानाच्या दिवसांत शेतावर जायचा. मायचं लग्न मिशनच्या माळ्याशी झालं आणि ती ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तिचं नाव सारा लागलं. रेशनच्या कागदावर सारजा. पाळकसाहेब तिला साराबाई म्हणत, बाकी सारं जग सारजा म्हणत असे, आणि तिला दोन्हींनी हाक मारली तरी ती ओ द्यायची. नावाचं तिला काही वाटायचं नाही. भावाचं वाटायचं. त्यांच्या मायने दोघांना एकत्रच न्हाऊ घातलं, एकत्रच देवी टोचल्या, एकाला ताप आला तर दोघांना कडू काढा. वेगळं काही करायचं नाही, असा त्या घरचा नेमच होता.

मग नागपूरला दीक्षा झाली. मामाचं अख्खं गाव पांढरी कापडं घालून निघालं. मायने दोन दिवसांची सुट्टी मागितली, पांढरं लुगडं दवाखान्याच्या खळीत बुडवून कडक केलं, आणि गेली. मी नऊ वर्षांची होते, मार्थाकाकूकडे राहिले. माय परत आली तेव्हा तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी दोन दिवस तिला काही मागितलं नाही.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी तिला बोलावलं. ते देशावरचे होते, त्यांची मराठी इस्त्रीची. मनाने वाईट नव्हते, हे मी लिहिते कारण ते खरं आहे. बा गेला तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून ते रडले होते. पण रजिस्टर हातात घेतलं की त्यांचा हात बदलायचा. मी दारात उभी होते. त्यांनी विचारलं, नागपूरला जाऊन काय केलं. माय म्हणाली, उभी राह्यली. शपथा घेतल्या का? भावानं घेतल्या, मी त्याच्या बाजूले होती. मग तुम्ही आमच्या की त्यांच्या?

“साहेब,” माय म्हणाली, “आम्ही जावळे हावोत. मायच्या पोटात बी मी त्याच्या बाजूलेच होती.”

त्यावर त्यांनी रजिस्टर मिटलं आणि सांगितलं की ह्या वर्षी तुम्ही थोमा व्हायचं. तोपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला पाव आणि रस, बंद.

थोमा होणं म्हणजे काय, हे आमच्या लाइनीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. ईस्टरच्या पुढच्या रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, थोमाची गोष्ट वाचायचे. प्रभूचा हा शिष्य, प्रभू मेलेल्यांतून उठल्याचं ऐकून म्हणाला की हाताच्या जखमा पाहीन, बोट लावीन, तेव्हा मानीन. पूर्वी कधी एक मेमसाहेब होत्या, त्यांनी मुलांकडून त्याचं छोटं नाटक बसवलं होतं. मेमसाहेब गेल्या आणि नाटकाची शिक्षा झाली. वर्षभरात ज्याचा विश्वास डगमगला असं मंडळीच्या पंचांना वाटे, त्याने त्या रविवारी दारापाशी चपलांजवळ उभं राहायचं. शेवटी पुढे यायचं. पाळकसाहेब उजव्या तळहातावर दफ्तरातल्या लाल शाईचा ठिपका लावून हात पुढे करत. त्याने गुडघे टेकायचे, ठिपक्याला बोट लावायचं, मी शंका घेतली, मी चुकलो, असं म्हणायचं, आणि मग भोजनाच्या मेजाशी त्याला जागा. पाच मिनिटांचा खेळ. शिमगा झाला की लाइनीत एकमेकांना विचारत, यंदा थोमा कोण? सिनेमा पाहून आलेला वॉर्डबॉय झाला होता. मुलाच्या दंडाला काळा दोरा बांधला म्हणून मार्थाकाकू झाली होती. घरी येऊन तिने बोटाची लाल शाई दाखवत सगळ्यांना हसवलं होतं.

माय झाली नाही. तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली की मी शंका घेतलीच नाही, तं थोमा कायले होऊ? भोजन बंद तर बंद. आणि दर रविवारी ती जाऊन दारापाशी, चपलांजवळ बसायला लागली. एक वर्ष नाही, सात वर्षं. शनिवारी मनुका उकळून भोजनाचा रस करायचं काम मात्र तिच्याकडेच होतं, ते कोणी काढलं नाही. तिच्या हातचा रस सगळे प्यायचे आणि ती पीत नसे. लोक चपला काढताना म्हणत, सारजा हाय न बसलेली, मंग चिंता नाही. सात वर्षांत एक जोड हरवला नाही. ह्या वाक्यावर कोणी हसलं तर मला आजही त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

माझं खरं शिक्षण झालं मामाच्या गावी, उन्हाळ्याच्या सुटीत. दुपारी दहा-बारा माणसं एका पडवीत विड्या वळायला बसत. नागपूरहून चळवळीची पत्रकं यायची, विडीच्या पानांच्या गठ्ठ्यात घालून. वाचता येणारी मी एकटी, म्हणून ती मी मोठ्याने वाचायची. शाळेत मला कोणी कधी एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, आणि त्याच वेळी एवढं दुर्लक्षही कोणी केलं नव्हतं. कंटाळवाणं वाक्य आलं की सगळे आपापल्या सुपात पाहायचे. मामाने मला तीन गोष्टी शिकवल्या. एक, दोन पानांत सांग, तिसरं पान कोणी वाचत नाही. दोन, वाचताना वळणाऱ्यांच्या हातांकडे पाह्य. ज्या ओळीवर हात थांबते थे ओळ ठेव, बाकी झाडून टाक. आणि तीन, खाली नाव टाक. “बिननावाचं पत्रक म्हंजे चुगली,” तो म्हणायचा. पहिल्या दोन गोष्टी मी लगेच शिकले. तिसरीची किंमत मला नंतर कळली.

सोळाव्या वर्षी मला नर्स व्हायचं होतं. किती व्हायचं होतं हे आज लिहायला लाज वाटते, कारण त्यात सेवाबिवा काही नव्हती. मला ते पांढरे बूट हवे होते. दवाखान्याच्या फरशीवर त्यांचा होणारा आवाज हवा होता. मिशनच्या नर्सिंग शाळेत जागा होती, पण पाळकांचं पत्र लागायचं: मुलीचं दृढीकरण झालेलं आहे आणि घराचं नाव मंडळीत साफ आहे. मंडळीत पक्कं करून घेणाऱ्या त्या दृढीकरणाच्या वर्गात मी बसत होते. घराचं नाव मात्र सात वर्षांपासून चपलांजवळ बसलेलं होतं.

त्या वर्गात मी पाळकसाहेबांना विचारलं की थोमाचं खरं नाव काय? ते म्हणाले, थोमा. मी म्हटलं, थोमा म्हणजे तर त्यांच्या भाषेत जुळा, शास्त्रातच तसं सांगितलंय. जुळा हे काय नाव झालं? आणि जुळा तर कुणाचा? त्याचा जोडीदार कुठे आहे? पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, एस्तेर, तारणासाठी ह्या प्रश्नाची गरज नाही. मुलं हसली. कोणीतरी मागून म्हणालं, यंदाचा थोमा सापडला.

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. संध्याकाळी माय तांदूळ निवडायला बसली की मी थोमाचं जिथे जिथे नाव येतं ते शोधून तिला वाचून दाखवायची. आणि जसजशी वाचत गेले तसतसा माझा संताप चढत गेला. कारण आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं की थोमा म्हणजे शंकेखोर, आणि इथे तर भलताच माणूस निघाला. ज्या गावी लोक दगड घेऊन बसले होते तिथे जायला बाकीचे सगळे कचरत होते, तेव्हा हाच म्हणाला होता की चला, त्याच्यासोबत आपणही मरू. त्याचं हे धाडस आम्हाला कोणी सांगितलं? नाही. प्रभू म्हणाला की मी जातोय ती वाट तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा सगळे समजल्यासारखे बसले, आणि हा एकटा म्हणाला, नाही ठाऊक. हे कोणी सांगितलं? नाही. जखमांना त्याने खरोखर बोट लावलं, असंही कुठे लिहिलेलं नाही. हात समोर आले आणि त्याने त्या जखमी माणसाला तिथल्या तिथे प्रभू म्हटलं, देव म्हटलं. तसं त्या खोलीत आणखी कोणी म्हटल्याचं मला तरी सापडलं नाही. पुढे म्हणे तो समुद्र ओलांडून आपल्या देशात आला आणि इथेच भाल्याने मारला गेला. हे मात्र शास्त्रात नाही, लोक सांगतात. मायने हे ऐकून सुपातून मान वर केली. “आपल्या इकडं आला? मंग तं आपलाच होये.”

आणि मग तो प्रसंग, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला. बाहेर मोहाचा वास सुटला होता, दार उघडं होतं. मी तीच गोष्ट परत वाचत होते. बायका पहाटे कबरीवरून आल्या आणि सांगितलं की तो उठला. शिष्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळी तो त्यांना दिसला, हात दाखवले. दगा देणारा एक गेला होता, थोमा तेव्हा तिथे नव्हता; बारांपैकी उरले दहा. मी वाचत होते आणि मायचा हात सुपात थांबला.

“थांब जरा,” ती म्हणाली. “त्या बाया सकाळीच सांगून गेलत्या नं? तवा ह्या दहाईनं काय केलं? बायांच्या गप्पा म्हणून उडवून लावल्या. संध्याकाळी हात पाह्यले तवा मानलं. थोमानं तेच मांगतलं जे त्याईले भेटलं होतं. मंग एकट्या त्याचाच तमाशा काहून? बाकीचे दहा कोठी हायेत?”

एवढं बोलून तिने एक खडा काढून दाराबाहेर फेकला आणि पुन्हा निवडायला लागली. सात वर्षं तिने ह्या गोष्टीकडे दारातून पाहिलं होतं. पुढे बसणाऱ्यांना जे दिसलं नाही ते तिला तिथून दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं की ती थोमा होणार आहे. पाळकसाहेबांना सांगूनही आली होती.

मी भांडले. चांगलीच भांडले. तू शंका घेतली नाही म्हणत होतीस, आता काय झालं? ती चादर पिळत होती. नाही घेतली, म्हणाली, आजही नाही घेत, पण तुले नर्स बनाचं हाय. मी म्हटलं, मले नाही बनायचं. ती हसली. मी झोपेत बोलायची, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“पाच मिनटाचं काम हाय, एस्तू,” ती म्हणाली. “एवढ्यात एक चादर बी पिळून होत नाही.”

मी तिला काही न सांगता पत्रक लिहिलं. मामाने कोर्टासमोरच्या अर्जनवीसाकडून जुने कार्बन आणून दिले होते. एका वेळी चार प्रती, दाबून लिहायचं. मथळा दिला, ‘थोमा कोण होता?’ मामाच्या नियमाने दोन पानं. धाडस, वाट, जखमा, सगळं मांडलं, आणि शेवटची ओळ ठेवली ती, जिच्यावर हात थांबला होता: बाकीचे दहा कुठे आहेत? ती ओळ मायची आहे असं कुठे लिहिलं नाही. मला ते सुचलंच नाही. आपल्या मायचं बोलणं आपलंच, असं मी धरून चालले. आणि खाली नाव टाकलं नाही. हे मात्र सुचलं होतं आणि तरी टाकलं नाही. ईस्टरनंतरच्या शनिवारी माय मनुका उकळत होती तेव्हा मी देवळात जाऊन चाळीस प्रती गीतांच्या पुस्तकांत घातल्या.

रविवारी ऊन सकाळपासूनच पेटलं होतं. बाया डावीकडे सतरंजीवर, पुरुष उजवीकडे, सगळ्यांच्या हातात ताडाचे पंखे. माय दारापाशी उभी, नागपूरचं ते पांढरं लुगडं नेसून. पेटीची एक पट्टी दबली की उठायची नाही, त्यामुळे प्रत्येक गीतात मागे एक सूर रेंगाळत राहायचा. पहिलं गीत सांगितलं, पुस्तकं उघडली, कागद पडले. ज्यांना वाचता येत होतं ते वाचायला लागले, ज्यांना येत नव्हतं ते शेजाऱ्याला विचारायला लागले. आणि मी पाहिलं, पंखे थांबले. एकेक करून, सगळे. मामा असता तर खूश झाला असता. पेटीचा तो अडकलेला सूर तेवढा चालू होता.

पाळकसाहेबांनी उपासना तशीच पुढे नेली. त्यांचा आवाज हलला नाही, ह्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. गोष्ट वाचली. तळहाताला लाल ठिपका लावला. मग मायला पुढे बोलावलं, आणि ती येऊन उभी राहिल्यावर डाव्या हातात तो कागद वर धरून विचारलं, हे कोणी लिहिलं?

मी उठले नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. मी, जी आज ठेकेदाराच्या तोंडावर बोलते, पोलिसांना नाव विचारते, ती मी त्या दिवशी सतरंजीवर बसून राहिले आणि पांढऱ्या बुटांचा विचार करत होते. अजून काही बिघडलं नाही, माय गुडघे टेकेल, पत्र मिळेल, कागद कोणाचा हे कोणाला कळणार नाही. थोमाबद्दल दोन पानं लिहिणारी मी, आणि सोबत मरायचं सोडा, मला सोबत उभंही राहवलं नाही.

मायने विचारलं, “काय लिवलं हाय, साहेब?”

पाळकसाहेबांनी तिच्या अज्ञानाची कीव केल्यासारखं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. बाकीचे दहा कुठे आहेत? मायने वळून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागाने नाही. ओट्यावर ठेवलेली आपली वाटी शेजारणीच्या घरात दिसावी, तसं.

“थे माहं हाय,” ती म्हणाली.

“साराबाई, तुम्हाला लिहिता येत नाही.”

“लिवता नाही येत. बोलता येते.” कोणीतरी बाई मागे फिसकन हसली आणि गप्प झाली. माय हाताने पदर सारखा करत होती. “मी आज गुडघे टेकाले आलती, साहेब, खरं सांगतो. घरून ठरवून आलती. पण आता थे लिवून गेलं. एका कागदावर तसं अन् इथं असं, हे बरं नाही दिसत. बाकीचे दहा येऊ द्या. मंग मी बी येतो.”

आणि ती वळली. दाराकडे नाही. सात वर्षांत पहिल्यांदा ती बायांच्या सतरंजीकडे आली, मार्थाकाकूला म्हणाली, सरक वो, आणि बसली. तेव्हा कुठे मी उभी राहिले. म्हणाले, अक्षर माझं आहे. कोणी विचारलं नव्हतं आणि आता त्याची गरजही नव्हती. उशिरा उठलेल्या माणसाला जेवढं शोभतं तेवढं मला ते शोभलं.

भोजन झालं. त्या गडबडीत पाळकसाहेबांनी हात धुतला नाही, त्यामुळे पाव मोडताना त्याला कुठे कुठे लाल लागलं. थाळी फिरवणारा पंच मायसमोरून तशीच पुढे घेऊन गेला. मार्थाकाकूने आपला तुकडा उचलला, त्याचे दोन केले आणि अर्धा मायच्या हातावर ठेवला. मायने तो खाल्ला. पाळकसाहेबांनी पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यांनी पाहिलं, आणि नजर पुस्तकात घातली.

पत्र मिळालं नाही. महिन्याभरात खोलीही गेली आणि चादरींचं कामही. सगळं नियमाने, कागदावर. मामा बैलगाडी घेऊन आला, ड्रम सोडून सगळं सामान तिच्यात मावलं. वाटेत त्याने पत्रक वाचायला लावलं, मान डोलावली आणि विचारलं, “खाली नाव काहून नाही टाकलं?” मी कागदाची घडी घातली. बैलांनी आणि मायने दोघांनीही समोर पाहिलं. मग आम्ही स्टेशनकडच्या वस्तीत खोली घेतली, बौद्धांच्या घरांमध्ये, आणि माय विड्या वळायला शिकली, तिच्या शेजारी बसून मीही. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पडवीतून निघालं, ते पुढे येईलच.

पुढच्या वर्षी थोमा कोणी झालं नाही. प्रथा बंद केली असं जाहीर झालं नाही. त्या आठवड्यात दफ्तरात लाल शाई नव्हती एवढंच. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हती. माय मात्र एक रविवार चुकली नाही. आजही जाते, बायांच्या सतरंजीवर पुढे बसते. मामा तिला सायकलवर मागे बसवून सोडतो आणि घंटेच्या आंब्याखाली थांबतो. आत येतं का, ती विचारते. तू बाहेर येतं का, तो विचारतो. दोघं हसतात, तीच थट्टा दर रविवारी. मला सभांमध्ये लोक विचारतात, ताई, तुम्ही नेमक्या कोणत्या? नाव एस्तेर, वस्ती बौद्धांची, मामा दीक्षा घेतलेला, माय देवळात. मी सांगते की मी त्या दहांपैकी होते, सतरंजीवर बसून राहिलेली. त्यातून उठायचं माझं काम चालू आहे. त्यांना काही कळत नाही. मग मी विडीच्या मजुरीकडे वळते.

थोमाचं खरं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. सोबत मरायला निघालेला माणूस, आणि त्याला ‘जुळा’ म्हणून हाक मारून सगळे मोकळे झाले. म्हणून मी हे लिहिते आहे. माझ्या पहिल्या पत्रकातली शेवटची ओळ माझी नव्हती. ती सारजाबाईची होती.

हे प्रकरण काल मी तिला वाचून दाखवलं. ती तांदूळच निवडत होती. मी डोळा ठेवून होते. सगळ्या प्रकरणात तिचा हात एकदाच थांबला, मी उठले नाही त्या जागी. संपल्यावर म्हणाली की लई लंबं झालं, लहानू म्हणते न का तिसरं पान कोणी वाचत नाही. मग सूप बाजूला ठेवून हात पदराला पुसला.

“खाली नाव टाकलं का?”

मी म्हटलं, टाकलं, माझंही आणि तुझंही.

“शाई आण,” ती म्हणाली.

तेव्हा ह्या प्रकरणाच्या हस्तलिखितात, ह्या ओळीच्या खाली, तिचा अंगठा आहे. निळा, थोडा वाकडा, सोड्याने रेषा पुसलेला. छापखान्याने तो छापला नाही, तर न पाहता विश्वास ठेवा असं मी कोणाला सांगणार नाही. बालाघाटला या. कागद दाखवते. बोट लावून पाहा.